उणे कुणाला लागलंय?

परब बाईंच्या पर्समध्ये कायम एक दोरी असायची. सुती, बोटाएवढी जाड नाही पण सुतळीहून बरी, सहा-सात हात लांब. तिच्याबरोबर पावडरचा एक जुना डबा, त्यात खडूची पूड. नव्याने आलेल्या शिक्षकांना ही दोरी बघून काय काय वाटायचं. एकाने तर मला बाजूला घेऊन विचारलं होतं, की बाई मुलांना बांधून वगैरे ठेवतात का.

घाटकोपरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात त्या गणित शिकवायच्या, मी केमिस्ट्री. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी शेजारी होती. त्यांच्याबद्दल लिहायला माझी एवढीच पात्रता. कॉलेजात बाकी सगळ्या मॅडम होत्या, परब बाई एकट्याच बाई. एखाद्या नव्या मुलाने मॅडम म्हणून हाक मारली तर त्या मागे वळून बघायच्या, आणखी कोण आलं म्हणून. मला त्यांनी पहिल्याच दिवशी केमिस्ट्री केलं ते शेवटपर्यंत. "काय गो केमिस्ट्री, जेवलंस?" वर्गात त्यांचं मराठी पुस्तकासारखं सरळ असायचं. मालवणी फक्त डबा उघडल्यावर किंवा काहीतरी फार बिनसल्यावर.

दोरी होती हायपरबोलासाठी. अकरावीच्या गणितात एक धडा असतो, त्यात वर्तुळाचे सगळे चुलत-मावस वक्र येतात. हायपरबोला त्यांतला सगळ्यात आडमुठा. एकमेकींकडे पाठ फिरवून ठेवलेल्या दोन वाट्या, असं त्याचं रूप. समीकरण दिलेलं असतं आणि त्यावरून तो काढायचा असतो. मुलं समीकरण बघतात आणि थेट वाट्या काढायला घेतात. बाईंना ते खपायचं नाही. त्यांचा क्रम ठरलेला. आधी मध्यबिंदू. मग एक्स वर्गाच्या खाली सोळा असतील तर त्याचं मूळ चार, म्हणून डावी-उजवीकडे चार घरं. वाय वर्गाच्या खाली नऊ, म्हणून वर-खाली तीन. त्या मापाचा एक चौकोन, त्याला त्या खोका म्हणायच्या. मग खोक्याच्या कोपऱ्यांतून जाणाऱ्या दोन तिरप्या रेषा, फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. हे कुंपण. वक्र या कुंपणाच्या जवळ जवळ जात राहणार, पण टेकणार नाही.

कुंपणाला पट्टी पुरायची नाही, म्हणून दोरी. ती खडूच्या पुडीत घोळवायची, दोन मुलांनी दोन टोकं फळ्यावर ताणून धरायची, आणि बाईंनी मध्ये चिमटीत पकडून सोडायची. टप् असा आवाज यायचा आणि फळ्यावर सरळसोट पांढरी रेघ उमटायची. पहिल्यांदा बघणारी मुलं त्या रेघेला टाळ्या वाजवायची. बाईंचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी सुतारकाम धरलं, आणि फळी कापायच्या आधी ते गेरूच्या दोरीने अशीच रेघ मारायचे. बाईंच्या म्हणण्याप्रमाणे वडिलांना चौथीपुढचं गणित येत नव्हतं, पण त्यांची एक रेघ कधी चुकली नाही.

वक्र सगळ्यात शेवटी. आणि त्याच्या आधी एक प्रश्न, जो त्यांनी तीस वर्षं रोज विचारला असेल. "उणे कुणाला लागलंय?" समीकरणात एक वर्ग अधिक असतो, एक उणे. वायला उणे लागलं असेल तर वाट्या डावी-उजवीकडे. एक्सला लागलं असेल तर वर-खाली. गंमत अशी की खोका दोन्हींत तोच, कुंपण दोन्हींत तेच. म्हणजे मुलं सगळं घर नीट बांधतात आणि शेवटी दार भलत्या भिंतीला लावतात. हे बाईंचं वाक्य, माझं नाही.

चुकीचं उत्तर दिलं की उभं राहायचं. कान पकडणं नाही, बाहेर जाणं नाही. फक्त उभं राहायचं, हात बाकाला न टेकवता, दुसऱ्या कुणीतरी बरोबर उत्तर देईपर्यंत. कधी अर्धा मिनिट, कधी अर्धा तास. एकदा सगळाच वर्ग उभा होता, तेव्हा शिपायाला वाटलं राष्ट्रगीत चाललंय, तोही दारात सावधान उभा राहिला.

गणितात आयुष्य घुसडलेलं त्यांना आवडायचं नाही. आमच्या वार्षिक अंकात एका मुलीने कविता दिली होती. तू वक्र, मी रेषा, आपण कायम जवळ पण अंतर तेवढंच, अशा धर्तीची. अंकाचं काम माझ्याकडे होतं. मला कविता बरी वाटली, आणि बाईंना बरं वाटेल म्हणून मी त्यांना दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली, लाल पेन काढलं आणि अंतर तेवढंच या शब्दांखाली रेघ मारली. समासात लिहिलं: अंतर कमी होत जातं. तेवढंच राहिलं तर त्या समांतर रेषा, तो धडा नववीत झाला. मुलीने कविता दुरुस्त करून आणली. दुरुस्त कविता खरंच जास्त चांगली होती, हे मी बाईंना कधी सांगितलं नाही.

मग स्मार्टबोर्ड आला. कंपनीचा माणूस शिकवायला आला होता. त्याने समीकरण टाकलं, बोट लावलं, आणि हायपरबोला झटक्यात हजर. आम्ही सगळे "वा" म्हणालो. बाई पुढे जाऊन बराच वेळ बघत राहिल्या आणि खोका कुठाय म्हणून विचारलं. तो म्हणाला, खोक्याची गरजच नाही मॅडम, डायरेक्ट आन्सर. बाईंनी मान डोलावली. "म्हणजे याला उत्तर येतं, पण हा शिकलेला नाही." दुसऱ्या दिवसापासून त्या स्मार्टबोर्डाच्या कोपऱ्याला धुतलेली दोरी वाळत घालायला लागल्या.

एवढ्यावरून बाई विक्षिप्त होत्या असं कुणाला वाटेल. होत्याही. पण मला त्या आठवतात त्या प्रज्ञाच्या पेपरामुळे.

त्या वर्षी अकरावीच्या वार्षिक परीक्षेत बाईंनी मुद्दाम एक गणित घातलं. उणे एक्स वर्ग भागिले सोळा, अधिक वाय वर्ग भागिले नऊ, बरोबर एक. एक्स आधी लिहिला आणि उणे त्याच्याच पुढ्यात ठेवलं. पाठांतरवाली मुलं एक्स आधी दिसला की डावी-उजवीकडे वाट्या काढतात, ती पकडायची म्हणून. पेपर काढून झाल्यावर त्यांनी मला तो दाखवला होता आणि त्या दिवशी डब्यातला जास्तीचा सोलकढीचा पेलाही दिला होता, इतक्या त्या खूश होत्या.

बारावीचे तास सुरू झाले आणि प्रज्ञा एक अर्ज घेऊन स्टाफरूममध्ये आली. प्रज्ञा मानखुर्दहून यायची. अबोल मुलगी, तिसऱ्या बाकावर भिंतीच्या बाजूला बसणारी. गणित सोडून त्याऐवजी दुसरा विषय घेण्याचा तो अर्ज होता, त्यावर विषयशिक्षकाची सही लागते. शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशी होती. बाईंनी कारण विचारलं. हायपरबोला जमत नाही, ती म्हणाली. बाई म्हणाल्या, एका हायपरबोलासाठी कुणी गणित सोडत नाही. ती म्हणाली, एकट्या हायपरबोलाचं नाही बाई, मला समजतंय असं वाटतं आणि ते चूक असतं, त्याची भीती वाटते. बाई कुणाच्या निर्णयात पडायच्या नाहीत. त्यांनी सही केली. प्रज्ञा थँक्यू म्हणून गेली.

मग बाईंनी, मुलांना दाखवून परत घेतलेली तिची उत्तरपत्रिका कपाटातून काढली, नुसतं बघायला. मी शेजारी जर्नल तपासत होते. बराच वेळ पान उलटल्याचा आवाज आला नाही म्हणून वर बघितलं.

"माझा चुकला गो, केमिस्ट्री," बाई म्हणाल्या.

पानावर व्यवस्थित खोका होता, कुंपण होतं आणि वाट्या वर-खाली होत्या. म्हणजे बरोबर. त्यावर बाईंच्या लाल पेनाने मोठी फुली होती, चारपैकी शून्य होते आणि खाली लिहिलं होतं: उणे कुणाला लागलंय ते नीट बघ.

बाईंनी साठ पेपर सवयीने तपासले होते. हात वर्षानुवर्षं डाव्या-उजव्या वाट्यांना बरोबरची खूण करत आलेला. स्वतःच लावलेल्या सापळ्यात सगळ्यात आधी त्याच अडकल्या होत्या. त्यांनी तिथेच सगळा गठ्ठा सोडून पुन्हा तपासला. सत्तावन्न जणांनी चुकीच्या वाट्या काढून चार-चार मार्क घेतले होते. तिघांचं बरोबर होतं, त्या तिघांना शून्य. त्यांतल्या दोघांनी काही विचारलं नव्हतं, कारण त्यांना शून्याची सवय होती. त्यांतला एक तर कुठलाही हायपरबोला वर-खालीच काढायचा.

प्रिन्सिपल सरांनी बाईंना बसवून शांतपणे समजावलं. निकाल लागलाय, मुलं वर गेली आहेत, आता सत्तावन्न पालक येऊन बसतील. बाई म्हणाल्या, येऊ देत, त्यांनाही काढून दाखवीन. शेवटी सरांनी असं ठरवलं की तिघांचे मार्क वाढवायचे, कुणाचे कमी करायचे नाहीत. बाईंना ते पटलं नाही, पण त्यांनी मान्य केलं. मात्र एक अर्ज सरांपुढे सरकवला. उत्तरपत्रिका कॉलेजबाहेर न्यायची नसते, म्हणून परवानगीचा: एक उत्तरपत्रिका, तीन तासांसाठी, मानखुर्दपर्यंत. सरांनी चष्मा काढून पुसला आणि सही केली.

मला बरोबर घेतलं ते माझं माहेर शेजारच्या गोवंडीचं, वाट माहीत असणार म्हणून. रिक्षात बाई मांडीवर फाईल धरून बसल्या होत्या. लिंक रोडला एक ट्रेलर आडवा झाला होता, त्यात अर्धा तास गेला. प्रज्ञाचं घर पुनर्वसनाच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर, लिफ्ट बंद. बाईंचे गुडघे तेव्हाच दुखायचे. प्रत्येक मजल्यावर त्या थांबायच्या आणि मी काही बोलायच्या आत पुढचा जिना चढायला लागायच्या.

दार प्रज्ञाच्या वडिलांनी उघडलं. ते शाळेची बस चालवायचे, दुपारच्या फेरीआधी घरी होते. दोन शिक्षिका दारात बघून त्यांचा चेहरा पडला.

"काय केलं हिने?"

"हिने नाही काही केलं," बाई म्हणाल्या. "मी केलंय."

त्यांनी खुर्ची पुढे केली, पण बाई खाली सतरंजीवरच बसल्या, त्या गुडघ्यांनी. पेपर उघडून प्रज्ञासमोर ठेवला. तिचा आलेख बरोबर आहे, फुली चूक आहे, असं सरळ सांगितलं. तोपर्यंत मी बाईंची चूक झाली म्हणून हळहळत होते. प्रज्ञा जे बोलली त्याने मला कळलं की खरं काय झालं होतं.

"मी बघितलं होतं बाई," ती म्हणाली. "तुम्ही लिहिलं होतं ना, नीट बघ. मी लय वेळा बघितलं. उणे एक्सलाच होतं. मग वाटलं, मला दिसतंय तेच चुकीचं दिसतंय."

बाईंनी मान खाली घातली. मी त्यांना त्याआधी आणि नंतर कधीही मान खाली घातलेली पाहिली नाही. मला तेव्हा रडू आलं, हे मी कबूल करते. चहा घेऊन आलेल्या वडिलांनी बहुतेक मला बघून गैरसमज करून घेतला, कारण ते घाईने म्हणाले, "बाई, चार मार्कांचं काय एवढं. उद्या कॉलेजात सांगितलं असतं तरी चाललं असतं ना."

"माझं लाल पेन इथपर्यंत आलं होतं," बाई म्हणाल्या. "म्हणून मी पण आले."

मग प्रज्ञानेच सांगितलं, की तसं बघितलं तर ती अगदी बरोबर नव्हती. बाजूच्या मुलाच्या वाट्या डावी-उजवीकडे दिसल्या म्हणून ती आपला आलेख खोडणार होती. रबर हातात घेतलं आणि घंटा झाली.

"बरं झालं, घंटा तुझ्यापेक्षा धीट निघाली," बाई म्हणाल्या, आणि वडील पहिल्यांदा हसले. प्रज्ञा हसली नाही. अर्जाचं काय, तेही बोलली नाही. विचार करते म्हणाली. बाईंनी आग्रह केला नाही. जिना उतरताना मी म्हटलं, तुम्ही जरा जोर लावायला हवा होता. त्या म्हणाल्या, जोर लावूनच तर एवढं झालं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला बाईंनी ते समीकरण फळ्यावर लिहिलं. माझा तास शेजारच्या वर्गात होता, मधलं दार उघडं होतं, मी शिकवायचं थांबवलं. बाईंनी दोरी ताणली, कुंपण मारलं, वाट्या वर-खाली काढल्या. मग सत्तावन्न जणांना सांगितलं, की तुमचं उत्तर चूक होतं आणि मी ते बरोबर दिलं, तिघांचं बरोबर होतं आणि मी ते चूक दिलं. मार्क कुणाचे जाणार नाहीत. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच झकास म्हणालं.

"आता नियम," बाई म्हणाल्या. "चुकलं की उभं राहायचं. पण मी आधीपासूनच उभी आहे. शिक्षकाची ही सोय असते. तेव्हा माझी शिक्षा बाकी राहिली, लक्षात ठेवा."

मुलं हसली. मला हसू आलं नाही, हेवा वाटला. माझ्या नोकरीत मी किती मुलांच्या बरोबरवर फुली मारली असेल, त्याचा मी कधी गठ्ठा सोडून बघितला नव्हता. प्रज्ञा वर्गाबाहेर व्हरांड्यात ऐकत उभी होती, कारण अर्जाप्रमाणे तो वर्ग आता तिचा नव्हता. तास संपल्यावर ती ऑफिसच्या खिडकीशी गेली आणि अर्ज परत मागितला. क्लार्कने सांगितलं, परत घ्यायलाही अर्ज लागतो. तो तिने लिहिला, आणि त्यावर सही करताना बाईंनी पेन बदलून निळं घेतलं.

पुढे बाई निवृत्त झाल्या आणि मुलुंडला, आपल्या घरी बसल्या. बसल्या म्हणजे सोसायटीच्या पार्किंगच्या रेघा आखायला लागल्या. रंगाऱ्याच्या रेघा वाकड्या येतात म्हणून त्यांनी दोरी काढली, असं ऐकलं. कॉलेजात त्यांची जागा भरली गेली नाही. तासिका तत्त्वावर कुणी कुणी येऊन गेलं, आणि मग एका जूनमध्ये एमएस्सी झालेली प्रज्ञा आली. माझ्या बाजूच्या टेबलावर तिने पर्स ठेवली, तेव्हा मी आत दोरी आहे का ते बघितलं. होती, पण नायलॉनची.

हायपरबोलाच्या तासाला तिने बाईंना बोलावलं. बाई आल्या, कुणाशी फार न बोलता शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या, पर्स मांडीवर. पुढचा तास माझा होता म्हणून मी लवकर जाऊन दारात उभी राहिले. प्रज्ञाने फळ्यावर समीकरण लिहिलं. उणे एक्स वर्ग भागिले सोळा, अधिक वाय वर्ग भागिले नऊ, बरोबर एक. खोका काढला. नायलॉनला पूड नीट धरत नव्हती, रेघ तुटक आली, तिने पुन्हा मारली. मग वर्गाकडे वळून विचारलं, आता वाट्या कुठे? कुणी हात वर केला नाही. पहिल्या वर्षाची मुलं, नवी मॅडम, कोण बोलणार.

शेवटच्या बाकावरून एक हात वर आला.

"हां, बाई," प्रज्ञा म्हणाली.

"डावी-उजवीकडे," परब बाई म्हणाल्या.

वर्गाने वळून बघितलं. प्रज्ञा खडू हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली. मला दिसलं, तिला सगळं आठवलं. ती म्हणाली, "चूक. उभ्या राहा."

बाई उठल्या. पर्स बाकावर ठेवली, पदर नीट केला. प्रज्ञाने पुन्हा विचारलं, उणे कुणाला लागलंय? मुलं फळ्याकडे बघत होती, वहीत बघत होती, एकमेकांकडे बघत होती. उत्तर काही येईना. प्रज्ञाने घाई केली नाही. बाई शेवटच्या बाकाशी उभ्या होत्या, त्या गुडघ्यांवर, हात बाकाला न टेकवता.